रूसोची पाच मुलं, हायडेगरचं पक्षकार्ड आणि रविवारची बैठक

पार्कचौक_वाचक

सोलापुरातल्या एका छोट्या वाचनमंडळासाठी विचारतोय. दर रविवारी सकाळी ९० मिनिटं, पंधराएक माणसं, एकूण १२ बैठका. दर बैठकीला एक विचारवंत आणि त्याची वाचायला झेपतील एवढी पानं. यादी अशी: सेनेका, रूसो, ह्यूम, शोपेनहावर, नीत्शे, फ्रेगे, हायडेगर, विट्गेनस्टाइन, न्या. रानडे, टिळक (गीतारहस्य), जे. कृष्णमूर्ती, ओशो.

यादी फिरवली आणि लगेच दोन तट पडले. एक तट म्हणतो, ‘बोले तैसा चाले, त्याचीं वंदावीं पाउलें’. ज्यानं पोटची मुलं अनाथालयात टाकली त्याचं बालशिक्षण आपण कशाला वाचायचं? दुसरा तट म्हणतो, ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये. पुस्तक वाचा आणि गप्प बसा.

मला तीन गोष्टी हव्या आहेत. माणसाचं वागणं कधी हिशोबात धरायचं आणि कधी नाही, याची काही पक्की कसोटी आहे का? ९० मिनिटांतली किती मिनिटं चरित्राला द्यायची? आणि यादीतून कुणाला गाळावंच लागेल असं आहे का? ‘समतोल ठेवा’ एवढंच उत्तर नको, तेवढं आम्हालाही कळतंय.

अक्षपादाचा_विद्यार्थी

दोन्ही तट आपापलं वचन अर्धंच वाचतायत. तुकोबांची ओळ वंदन कुणाला करावं ते सांगते. कुणाचं म्हणणं खरं धरावं, हा त्या ओळीचा विषयच नाही. आणि ऋषीच्या कुळाची म्हण तिथंच चालते जिथं ऋषीनं आपल्या म्हणण्याला कारण दिलेलं असतं. कारण न देता ‘मी सांगतो म्हणून ऐका’ म्हणाला, तर कूळ विचारायलाच हवं की.

कसोटी आपल्याच न्यायदर्शनात तयार आहे. अनुमान वेगळं, शब्द वेगळा. ‘आप्तोपदेशः शब्दः’ हे न्यायसूत्र १.१.७. म्हणजे शब्दप्रमाण उभं राहतं ते सांगणाऱ्याच्या विश्वासार्हतेवर, आणि अनुमान उभं राहतं हेतूवर, म्हणजे दिलेल्या कारणावर. हेतू बरोबर असेल तर तो चोराच्या तोंडून आला तरी बरोबरच.

बैठकीत हे असं करा. विचारवंताचं मुख्य विधान एका कागदावर एका वाक्यात लिहा, नाव न घालता. खाली ‘कारण’ असा शब्द लिहून पुढची जागा मोकळी सोडा, आणि ती त्याच्याच पानांतून भरा. जागा खऱ्या कारणानं भरली, तर चरित्र बाजूला ठेवा आणि कारण तपासा. त्या जागी ‘कारण त्यानं हे अनुभवलंय’, ‘कारण तो मोठा माणूस होता’ एवढंच येत असेल, तर तुम्ही शब्दप्रमाणावर उभे आहात. आता माणूस तपासणं भाग आहे.

माणूस तपासायचा म्हणजे सगळं आयुष्य उपसायचं नाही. वात्स्यायनानं न्यायसूत्रांवरच्या भाष्यात आप्ताचं, म्हणजे ज्याच्या सांगण्यावर विसंबावं अशा माणसाचं, लक्षण दिलंय, त्यातून तीन प्रश्न निघतात. त्याला ती गोष्ट प्रत्यक्ष माहीत होती का? जशी पाहिली तशीच सांगायची त्याची इच्छा होती का? आणि नीट सांगता येत होतं का? पुढं तो म्हणतो, हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांना सारखंच लागू. म्हणजे ‘आपला’ म्हणून सूट नाही आणि ‘परका’ म्हणून जादा चौकशी नाही. जो दोष या तीन प्रश्नांपैकी एकालाही धक्का देत नाही, तो त्या विधानापुरता गैरलागू. माणूस म्हणून तुम्ही त्याला हव्या तेवढ्या शिव्या घाला.

रूसोवर लावून बघा. ‘एमिल’ १७६२ चं. त्यात तान्ह्या मुलाला कपड्यात गच्च आवळू नये, आईनं स्वतःचं दूध पाजावं, असं आहे आणि त्याची कारणंही दिली आहेत. ती तपासायला रूसोच्या घरात डोकवायची गरज नाही. पण त्याच पुस्तकात ‘मुलाचं मन कसं चालतं ते मी पाहिलंय’ असा सूर पानोपानी आहे. तिथं पहिला प्रश्न विचारा: कधी पाहिलं? जोडीदारीण थेरेझपासून झालेली त्याची पाचही मुलं पॅरिसच्या अनाथालयात गेली. शिक्षक म्हणून त्याचा अनुभव म्हणजे १७४० च्या सुमारास लियोंमध्ये एका घरी केलेली साधारण वर्षभराची शिकवणी, आणि ती फसली. त्यामुळं निरीक्षणाच्या जागी तो आप्त नाही. युक्तिवादाच्या जागी मात्र त्याचं काहीच बिघडत नाही. एकाच पुस्तकाला दोन वेगवेगळे निकाल लागतात, आणि तसे लागू द्यावेत.

फ्रेगे सगळ्यात सोपा. १८७९ चा तर्कशास्त्राचा ग्रंथ आणि १९२४ ची ज्यूद्वेषानं भरलेली रोजनिशी. ग्रंथात एकही पायरी अशी नाही जी फ्रेगेच्या शब्दावर उभी आहे. मायकेल डमेट हा फ्रेगेचा मोठा भाष्यकार स्वतः वंशद्वेषाविरुद्धच्या चळवळीत वर्षानुवर्षं होता. आपल्याला या रोजनिशीचा किती धक्का बसला, हे त्यानं १९७३ च्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत लिहिलं आणि पुढं कित्येकशे पानं फ्रेगेवरच खर्च केली. त्या बैठकीत चरित्राला दोन मिनिटं पुरतात.

आणि एक राहिलं. दांभिक आणि दुबळा हे दोन वेगळे. रानड्यांचं घ्या. विधवाविवाहाचा पुरस्कार करणारा माणूस १८७३ मध्ये पत्नी वारल्यावर, वडिलांच्या दबावाखाली, ११ वर्षांच्या मुलीशी लग्न करतो. यावर त्या काळातही भरपूर टीका झाली. पण यावरून विधवाविवाह चुकीचा ठरतो का? उलट, पटलेली गोष्टही घरच्यांच्या दबावापुढं आचरता येत नाही, हीच तर त्या सुधारणेपुढची मोठी अडचण होती. त्याच मुलीच्या, म्हणजे रमाबाई रानड्यांच्या, आठवणी (१९१०) आणि आंबेडकरांचं १८ जानेवारी १९४३ चं पुण्यातलं रानड्यांवरचं भाषण, ही दोन्ही त्याच बैठकीत शेजारी शेजारी ठेवा. रानड्यांच्या दुबळेपणाची किंमत जिनं मोजली तीही बोलते, आणि रानड्यांना मोठं का म्हणायचं हे कारणासह सांगणाराही बोलतो.

ताणाबाणा

वरचं सगळं मान्य, पण ‘नाव झाकून वाचा’ ही युक्ती एका जागी साफ फसते: दोष चरित्रात नसून मजकुरातच असतो तेव्हा. नाव झाकलं तरी तो तिथंच राहतो. आणि कारण दिलेलं असलं तरी त्या कारणात माणसाचा पूर्वग्रह मुरलेला असू शकतो.

आपल्या गावच्या भाषेत सांगायचं तर लूमवर उभा धागा (ताणा) तुटला की ती रेघ चादरीच्या लांबीभर पळत जाते. आडव्या धाग्यातला (बाण्यातला) दोष तेवढ्या एका पट्टीपुरता. चादर एकच, दोषही एकेकच, पण एकीत पट्टी कापून बाकीची वापरता येते, दुसरीत नाही. विचारवंताचा दोष ताण्यातला की बाण्यातला, हा प्रश्न विचारा. रीत सोपी आहे: दोषाचं वाक्य किंवा प्रकरण पुस्तकातून काढून टाका आणि बाकीचं उभं राहतं का ते बघा.

ह्यूमची वंशाबद्दलची कुप्रसिद्ध तळटीप, १७५३ ची. ती काढली तर कार्यकारणभावाबद्दलचं त्याचं म्हणणं जागेवरून हलत नाही. बाणा. (एडिंबरा विद्यापीठानं २०२० मध्ये इमारतीवरून त्याचं नाव काढलं. तो पुन्हा वंदनाचा प्रश्न, वाचनाचा नाही. तुमच्या पहिल्या तटाला हे उदाहरण आवडेल.) ‘एमिल’च्या पाचव्या भागातली सोफी मात्र तशी नाही. मुलीला पुरुषाला आवडेल अशी घडवायची, हे तिथं तपशिलात येतं, आणि पहिल्या चार भागांतला स्वतंत्र वाढणारा मुलगा त्याच पुस्तकाच्या शेवटी अशाच मुलीशी जोडला जातो. ते प्रकरण काढलं तर पुस्तकाचा शेवटच जातो. स्त्रियांच्या हक्कांवर लिहिणाऱ्या मेरी वोल्स्टनक्राफ्टनं १७९२ मध्ये रूसोला धरलं ते मुख्यतः या मजकुरावरून. बुद्धी माणसाची खूण असेल तर ती अर्ध्या माणसांत वेगळी कशी, असा तिचा रोख. अनाथालयाचा मुद्दा तिला लागलाच नाही. टीका कशी करावी याचा तो नमुना आहे, चार पानं तरी वाचाच.

‘त्या काळी सगळे तसेच होते’ हे वाक्य बैठकीत हमखास येणार. त्यावर हात वर करून एकच विचारायचं: त्याच काळात कुणी हरकत घेतली होती का? ह्यूमला जेम्स बीटीनं १७७० मध्येच छापून खोडून काढलं होतं. शोपेनहावरचा स्त्रियांवरचा निबंध १८५१ चा, म्हणजे वोल्स्टनक्राफ्टनंतर जवळजवळ ६० वर्षांनी. टिळकांनी १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला (१० वरून १२ वर्षं) विरोध केला तेव्हा आगरकर त्याच पुण्यात होते आणि ‘सुधारक’ १८८८ पासून निघत होता. हरकत घेणारा समकालीन सापडला की काळाची सबब पडते. नाही सापडला तर ती सबब थोडी तरी टिकते.

आता हायडेगर. इथं तारखांशिवाय एक पाऊल टाकू नका. मुख्य ग्रंथ १९२७, ज्यू कुळात जन्मलेल्या आपल्या गुरूला, हुसर्लला, अर्पण. एप्रिल १९३३ मध्ये फ्रायबुर्गचा कुलगुरू, १ मे १९३३ ला नात्सी पक्षात. एप्रिल १९३४ मध्ये कुलगुरूपद सोडलं. पक्षाचं सदस्यत्व १९४५ पर्यंत होतंच. १९४१ च्या आवृत्तीतून हुसर्लची अर्पणपत्रिका गायब. १९५३ मध्ये १९३५ ची व्याख्यानं छापली आणि त्यात नात्सी चळवळीच्या ‘आंतरिक सत्य आणि महत्तेचं’ वाक्य तसंच ठेवलं. पुढं मोठा तत्त्वज्ञ झालेल्या तरुण हाबरमासनं लगेच वर्तमानपत्रात त्याला धारेवर धरलं. २०१४ पासून त्याच्या खाजगी टिपणांच्या ‘काळ्या वह्या’ छापून येऊ लागल्या, त्यात ज्यूंबद्दलचे उल्लेख आहेत. म्हणजे ‘एका वर्षाची चूक’ हा बचाव टिकत नाही. पण १९२७ च्या ग्रंथात दोष ताण्यात आहे की नाही यावर जाणकारांतही अजून भांडण आहे. तेव्हा निकाल देऊ नका, दोन्ही बाजू पानं दाखवून मांडा.

सातरस्ता_ग्रंथपाल

एवढं तत्त्व झालं, पण तुमच्या बैठकीत पहिली चूक होणार ती याच्याही आधी: दोष खरा आहे का, हेच कुणी बघणार नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरनं आलेलं चरित्र थेट फळ्यावर जातं.

प्रत्येक दोषापुढं एक अक्षर लिहा. अ: त्यानं स्वतः लिहिलेलं, किंवा न्यायालयाचा, सरकारी कागद. आ: जवळच्या माणसाचं कथन, पण तो माणूस भांडणात पक्षकार. इ: ‘असं म्हणतात’. इ असेल तर बैठकीत तोंडही उघडायचं नाही.

नीत्शेला हे लावलं की अर्धी कुप्रसिद्धी गळून पडते. १८८९ मध्ये त्याचं भान गेलं, १९०० मध्ये तो वारला. ‘सत्तेची इच्छा’ हे पुस्तक १९०१ चं, बहीण एलिझाबेथच्या देखरेखीखाली त्याच्या टिपणांतून जुळवलेलं. त्या रूपात त्यानं ते कधी छापलं नाही. ज्यूद्वेष्टा होता तो बहिणीचा नवरा. नीत्शेनं त्या चळवळीवर चिडून बहिणीला लिहिलेली पत्रं आहेत. १९६७ पासून कोली आणि मोंतिनारी यांची संपादित आवृत्ती निघू लागली तेव्हा टिपणं पुन्हा तारीखवार लागली. पण याचा अर्थ तो धुतल्या तांदळासारखा असंही नाही. बायकांबद्दल, दुबळ्यांबद्दल त्यानं स्वतः छापलेलं जे आहे ते आहेच, ते अ मध्ये जातं. सोपी खूण सांगतो: नीत्शेची बहुतेक पुस्तकं क्रमांक घातलेल्या परिच्छेदांची आहेत. कुणी पुस्तकाचं नाव आणि क्रमांक नसलेलं वचन आणलं तर ते परत करा.

शोपेनहावरची शिवणकाम करणारी बाई खरी. १८२१, बर्लिन. दाराबाहेर गप्पा मारते म्हणून ढकललं, ती जखमी झाली, कोर्टानं वर्षाला ६० टालर द्यायला लावले, आणि ती मेल्यावर यानं लॅटिनमध्ये खरडलं: म्हातारी गेली, ओझं गेलं. हा अ. करुणा हाच नीतीचा पाया म्हणणारा माणूस तो हाच. पण त्यानं यावरचं उत्तर आधीच देऊन ठेवलंय. मुख्य ग्रंथात तो म्हणतो, संताला तत्त्वज्ञ असायची गरज नाही तशी तत्त्वज्ञाला संत असायचीही नाही. सुंदर माणूस शिल्पकार असतोच असं नाही आणि शिल्पकार सुंदर असतोच असं नाही. हे उत्तर कितपत पटतं? यावर २० मिनिटं आरामात जातील, आणि जाऊ द्या, कारण इथं चरित्र आणि सिद्धान्त खरंच एकमेकांना भिडतात. करुणेनं माणसं खरोखर हलतात असा त्याचा दावा आहे. मग जिनं ती सगळ्यात स्पष्ट शब्दांत मांडली ती बुद्धी स्वतःच का हलली नाही?

विट्गेनस्टाइनचं थोडक्यात. १९२६, ओटरटाल, ११ वर्षांच्या मुलाला मारलं, तो कोसळला, यानं नोकरी सोडली. दहा वर्षांनी, १९३६ मध्ये, परत त्या भागात जाऊन जुन्या विद्यार्थ्यांची माफी मागितली. पहिल्या ग्रंथाशी याचा काही संबंध नाही. पण १९५३ मध्ये छापलेल्या दुसऱ्या ग्रंथात मूल भाषा कसं शिकतं याची उदाहरणं सारखी येतात, आणि ‘शिकवण्या’साठी तो जनावराला वळण लावायला वापरतात तो जर्मन शब्द वापरतो. यातून कुणी थेट निष्कर्ष काढू नये, पण नजर असू द्यावी.

पार्कचौक_वाचक

झकास. अ-आ-इ आणि ताणा-बाणा दोन्ही घेतले. आता शेवटच्या दोन नावांवर येऊ या, कारण खरी गरमागरमी तिथंच आहे. ओशोंना मानणारे आमच्यात तिघं आहेत आणि ‘तो कसला तत्त्वज्ञ’ म्हणणारे पाच. कृष्णमूर्तींवर कुणी बोट ठेवत नव्हतं, तर एकानं ते १९९१ चं पुस्तक काढलं आणि सगळे गप्प. आणि वेळेचं कुणी बोललं नाही अजून.

बाळीवेशीतली_ताई

वेळेचं मी सांगते. चरित्र पहिल्यांदा सांगायला घेतलं की ते १० मिनिटांवर थांबत नाही. ४० मिनिटं खातं आणि पानं उघडायची राहून जातात. शेवटी ठेवलं तर लोकांना वाटतं आपल्यापासून लपवलं, आणि पुढच्या वेळी ते मोबाइलवर शोधूनच येतात. म्हणून अर्धा कागद छापा: तारखांची पट्टी, दहा ओळींपेक्षा जास्त नाही, दोषासकट, प्रत्येकापुढं अ किंवा आ. तो दारातच हातात द्या, वाचायला पाच मिनिटं द्या, चर्चा नाही. मग ४० मिनिटं मजकूर मोठ्यानं वाचणं, तीन-चार पानंच. २० मिनिटं कारणांची मांडणी फळ्यावर. उरलेल्या २५ मिनिटांत दोषाचा मजकुराशी दुवा लागतो का ते. फ्रेगेला हे शेवटचे २५ नकोत, ते तर्कशास्त्राला द्या. सेनेकाला ते पुरणार नाहीत.

सेनेकाबद्दल कुणीच लिहिलं नाही याचं नवल वाटतं, कारण सध्या मोबाइलवर सगळ्यात जास्त तोच फिरतो. इसवी सन ५८ मध्ये सुइलियस या त्याच्या रोममधल्या विरोधकानं जाहीर विचारलं, चार वर्षांत ३० कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) जमवायला कुठलं तत्त्वज्ञान लागतं? सुखी जीवनावरचा सेनेकाचा निबंध त्याच सुमाराचा मानतात, आणि त्यात आरोपाला सरळ उत्तर आहे: मी सद्गुणाबद्दल बोलतोय, स्वतःबद्दल नाही, आणि दुर्गुणांना झोडपतो तेव्हा आधी माझ्याच दुर्गुणांना झोडपतो. इथवर तो सुटतो. पण ५९ मध्ये नीरोनं आईला मारलं आणि सिनेटला जे समर्थनाचं पत्र गेलं ते सेनेकाच्या हातचं. ६२ मध्ये तो संपत्ती परत करायला गेला, नीरोनं घेतली नाही. ६५ मध्ये नीरोच्याच हुकमानं मरण. संपत्ती हा त्याचा बाण्यातला दोष. पत्र मात्र वेगळं, कारण ‘बाहेरचा कुणीही तुमच्याकडून वाईट करवून घेऊ शकत नाही’ हा स्टोइकांचा, म्हणजे सेनेकाच्या पंथाचा, कणा, आणि नेमका तोच तिथं वाकला. त्यावरून सिद्धान्त खोटा ठरत नाही हे अक्षपादभाऊ सांगतीलच. पण सिद्धान्त पाळायला किती जड आहे याची किंमत त्या पत्रावर लिहिलेली आहे, आणि मोबाइलवरच्या पट्ट्या ती किंमत दाखवत नाहीत.

ओशोंचं. कोर्टाच्या कागदावर काय आहे तेवढंच घ्या. १९८४ मध्ये ओरेगनच्या द डॅल्स गावात सॅलडमध्ये जंतू मिसळून ७५१ माणसं आजारी पाडली गेली. त्यात ओशोंची सचिव शीला आणि तिच्या साथीदारांना शिक्षा झाली. स्वतः ओशोंवर त्या प्रकरणात खटला नव्हता. त्यांच्यावर होता तो इमिग्रेशनचा. १९८५ मध्ये त्यांनी गुन्हा थेट कबूल न करता शिक्षा मान्य केली, ४ लाख डॉलर भरले आणि देश सोडला. ९३ रोल्स रॉइस हा काही गुन्हा नव्हे, आणि त्यांनी गरिबीचा उपदेश कधी केलाच नव्हता, त्यामुळं तिथं दंभही नाही. आता अक्षपादभाऊंचा कागद लावा. ‘हे ध्यान करून बघ’ हे विधान माणसावर अवलंबून नाही, करून बघा, नाही जमलं तर सोडा. ‘गुरूला पूर्ण शरण जा’ हे मात्र शंभर टक्के शब्दप्रमाण, आणि तिथं विचारायलाच हवं की ज्याच्या नाकाखाली शीला चार वर्षं कारभार करत होती त्याला माणसांची पारख कितपत होती. तुमचे तिघं आणि पाच, दोघांनाही हे पुरेसं टोचेल.

कृष्णमूर्ती. १९९१ चं पुस्तक राधा राजगोपाल स्लॉस यांचं, कृष्णमूर्तींचे आपल्या आईशी वर्षानुवर्षं संबंध होते असं त्या सांगतात, म्हणजे ज्या घरातला तो संबंध त्याच घरातल्या मुलीचं. जवळचं आहे पण पक्षकाराचं आहे: आ. कृष्णमूर्तींच्या चरित्रकार मेरी लट्येन्स यांनी १९९६ मध्ये त्याला पुस्तकानं उत्तर दिलं, तेही दुसऱ्या बाजूचं: आ. संबंध होता की नव्हता यावर वेळ घालवू नका. ३ ऑगस्ट १९२९ ला ओमेनमध्ये त्यांनी स्वतःची संघटनाच विसर्जित केली, मला गुरू मानू नका म्हणून. ज्यानं आप्तपण स्वतःहून नाकारलं त्याचं आप्तपण तपासायचं कसं? पण ऐकणारे तर ‘हा माणूस त्या अवस्थेत आहे’ या विश्वासानंच येत होते. बैठकीचा प्रश्न हा ठेवा.

जाता जाता, हे सगळं आपल्या गावाला नवं नाही. जीवराज जैन ग्रंथमाला इथलीच, आणि जैन परंपरेत समंतभद्रांचा ‘आप्तमीमांसा’ नावाचा आख्खा ग्रंथ आहे. पहिलाच श्लोक म्हणतो, देव येतात, आकाशात चालतोस, चवऱ्या ढाळल्या जातात, हे सगळं तर मायाव्यांकडंही दिसतं, त्यामुळं तू आम्हाला मोठा नाहीस. पुढं मोठेपण कशावर ठरतं तर बोलणं युक्तीला आणि शास्त्राला सोडून नाही यावर. माणसाचा निर्दोषपणा त्याच्या बोलण्यावरून काढलाय, बोलणं त्याच्या चरित्रावरून नव्हे. तुमच्या पहिल्या तटाच्या अगदी उलट चाल.

अण्णा_सोन्नलगी

ताई, आपल्या सिद्धरामांना विसरलात. कन्नड परंपरेत कथा आहे की अल्लमप्रभू सोन्नलगीला (जुन्या सोलापूरला) आले आणि तलाव-देवळांच्या कामातच गुंतलेल्या सिद्धरामांना त्यांनी सगळ्यांसमोर खडसावलं. मजा अशी की ती टीका शत्रूंनी नाही, शरणांनीच, म्हणजे त्याच पंथातल्या भक्तांनीच, ‘शून्यसंपादने’त लिहून ठेवली. सिद्धरामांच्या गड्डा जत्रेच्या गर्दीत हे कुणाला आठवत नाही म्हणा. पण गुरूचा कमीपणा शिष्यांनीच ग्रंथात जपला, याचं उदाहरण हवं असेल तर लांब फ्रायबुर्गला जायला नको.

अक्षपादाचा_विद्यार्थी

ताईंच्या सेनेकावर थोडी हरकत. ‘सिद्धान्त पाळायला जड’ हे ठीक, पण स्टोइक नुसतं ‘असं वागावं’ म्हणत नाहीत, ‘सरावानं असं वागता येतं’ असंही म्हणतात. हा दुसरा दावा अनुभवाचा आहे. सेनेका हा त्याचा एक नमुना आणि नमुना बिघडलेला. तेव्हा त्या अर्ध्यापुरतं चरित्र पुराव्यातच येतं. एकाच नमुन्यावरनं निकाल देऊ नका, शेजारी एपिक्टेटस ठेवा. गुलामीत सुरुवात झालेला माणूस, त्याचा नमुना दुसऱ्या बाजूचा.

ताणाबाणा

यावर मी अक्षपादांच्या बाजूनं. आणि टिळकांच्या बैठकीत हाच काटा वापरा. गीतारहस्य मंडालेत लिहिलं, १९१५ मध्ये छापलं. त्यातला कर्मयोगाचा युक्तिवाद नाव झाकून वाचता येतो. पण ‘लोकसंग्रह’ म्हणजे समाज टिकवणं की बदलणं, हे ठरवताना १८९१ बाजूला सारता येत नाही.

पार्कचौक_वाचक

ठरलं मग. कुणालाही गाळत नाही. रूसोला दोन रविवार, एक पहिल्या चार भागांना आणि एक सोफी अधिक वोल्स्टनक्राफ्टला. म्हणजे बैठका १३. सेनेकाबरोबर एपिक्टेटसची दोन पानं. तारखांची पट्टी मी करतो, सातरस्तावाल्यांनी अ-आ बघून द्यावं. हायडेगरचं ते १९५३ चं वाक्य असलेलं पान इंग्रजी भाषांतरातनं झेरॉक्स करून वाटू का? त्याचा मराठी गोषवारा मीच करीन.

सातरस्ता_ग्रंथपाल

वाटा, पण एकटं पान नको, आधीचं आणि नंतरचंही घ्या. त्या वाक्याला जोडून कंसात एक खुलासा आहे, तंत्रज्ञान आणि आधुनिक माणूस यांच्या गाठीबद्दल. हायडेगरचा दावा, तो १९३५ सालीच लिहिलेला. बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं, तो छपाईच्या वेळी घातलेला. गोषवारा करताना कंस गाळू नका आणि कंसाला वेगळी खूण करा, नाहीतर तुमच्या पट्टीवर दोन वेगळ्या वर्षांची वाक्यं एकाच तारखेखाली जातील.